संगणकावरचं सर्किट का अडतं, आणि न अडता कधी फसवतं

केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये सेमीकंडक्टर मिशनसाठी ७६,००० कोटी रुपये मंजूर केले, तेव्हापासून चिप हा विषय पेपरच्या पहिल्या पानावर आला. साणंद आणि धोलेरा ही नावं आता सगळ्यांना ठाऊक आहेत. बातमीत कारखाना दिसतो, पांढऱ्या कपड्यांतली माणसं दिसतात, सिलिकॉनची चकचकीत चकती दिसते. त्याआधीचं काम मात्र दिसत नाही. चकती यंत्रात जाण्यापूर्वी त्या चिपमधलं सर्किट संगणकावर अक्षरशः हजारो वेळा चालवून पाहिलेलं असतं. चिप एकदा बनली की आतला एखादा ट्रान्झिस्टर उपसून दुसरा लावता येत नाही, त्यामुळे चूक सापडायची तर ती कागदावर आणि संगणकावरच सापडली पाहिजे.

या चालवून पाहण्याला सिम्युलेशन म्हणतात. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलामुलींची त्याच्याशी पहिली ओळख बहुधा एका चिडवणाऱ्या संदेशाने होते: ‘टाइमस्टेप टू स्मॉल’. सर्किट बरोबर काढलेलं असतं, जोडण्या तपासलेल्या असतात, तरी संगणक मध्येच हात टेकतो. मग कोणीतरी सीनियर येऊन एक आकडा बदलतो, सिम्युलेशन धावतं, आलेख छापला जातो, जर्नल पूर्ण होतं.

मला त्या बदललेल्या आकड्याबद्दल बोलायचं आहे. इथे दोन प्रश्न आहेत आणि ते वेगळे आहेत. संगणक एखाद्या उत्तरावर येऊन ठरला का, हा पहिला. याला कन्व्हर्जन्स म्हणतात. आणि ज्या उत्तरावर ठरला ते खऱ्या सर्किटशी जुळतं का, हा दुसरा, म्हणजे अचूकतेचा. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं की दुसऱ्याचंही ‘हो’च, असं आपण धरून चालतो. धोका तिथेच आहे. अडलेलं सिम्युलेशन निदान अडल्याचं सांगतं, पण गुळगुळीत आणि चुकीचा आलेख काहीच सांगत नाही.

सर्किट ‘चालवायचं’ म्हणजे करायचं काय?

मोबाइलच्या चार्जरसारखा एखादा वीजपुरवठा घेऊ. आतला इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला एक लाख वेळा चालू-बंद होतो असं धरा. एक आवर्तन झालं १० मायक्रोसेकंदांचं. स्विच पालटण्याची क्रिया मात्र २० नॅनोसेकंदांत उरकते, म्हणजे आवर्तनाच्या पाचशेव्या भागात. आणि बाहेर येणारं व्होल्टेज स्थिरावायला सात-आठ मिलिसेकंद लागतात. प्लग लावल्या क्षणापासून पुढे कुठल्या बिंदूवर किती व्होल्ट, कुठल्या तारेत किती करंट, याचा क्षणाक्षणाचा हिशेब म्हणजे ट्रॅन्झियंट सिम्युलेशन.

नियम जुनेच आहेत. जोडबिंदूत जितका करंट येतो तितकाच बाहेर पडतो, हा किरचॉफने १८४५ मध्ये मांडलेला नियम प्रत्येक बिंदूला लावायचा. रेझिस्टर सरळ आहे, त्याच्यापुरतं आत्ताचं व्होल्टेज कळलं की आत्ताचा करंट कळतो. कॅपॅसिटर आणि इंडक्टर मात्र मागचं लक्षात ठेवतात. कॅपॅसिटरचं आत्ताचं व्होल्टेज त्यात आजवर किती विद्युतभार साठला यावर ठरतं. त्यामुळे प्रत्येक क्षण मागच्या क्षणाला बांधलेला असतो आणि हिशेब सुरुवातीपासून, क्रमानेच करत यावा लागतो. अखंड वाहणारा काळ संगणकाला हाताळता येत नाही. तो काळाचे तुकडे पाडतो आणि एका क्षणावरून पुढच्या क्षणावर पाऊल टाकतो. त्या पावलाची लांबी म्हणजे टाइमस्टेप.

हे काम करणारा सर्वांत प्रसिद्ध प्रोग्रॅम स्पाइस. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात प्रा. डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली लॉरेन्स नागेल यांनी तो लिहिला. पहिली आवृत्ती १९७३ ची, आणि आजच्या पद्धतींचा पाया घालणारी दुसरी १९७५ ची. पेडरसन यांचा आग्रह होता की प्रोग्रॅम कुणाच्या मालकीत अडकता कामा नये. तो मोकळेपणाने वाटला गेला, म्हणूनच आज एनजीस्पाइस, एलटीस्पाइस, पीस्पाइस, एचस्पाइस अशी त्याची वंशावळ जगभर पसरली आहे. चिप-उद्योगाचा इतिहास सांगताना या उदारपणाला जागा मिळाली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पाऊल टाकायचं कसं?

सगळ्यात साधी रीत अशी: आत्ता व्होल्टेज ज्या वेगाने बदलतंय त्याच वेगाने पुढच्या पावलापर्यंत बदलत राहील असं मानायचं. याला फॉरवर्ड ऑयलर म्हणतात. दुसरी रीत उलटी आहे. पुढच्या बिंदूवर जो वेग असेल तो धरायचा, म्हणजे अजून न कळलेल्या उत्तरावरच उत्तर बेतायचं आणि समीकरण सोडवायचं. हा बॅकवर्ड ऑयलर. तिसरी रीत या दोन्ही वेगांची सरासरी घेते, तिचं नाव ट्रॅपेझॉयडल.

आकडे घालून बघू. १० व्होल्टने भारलेला १ नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून रिकामा होतोय. याचा नैसर्गिक काळ, म्हणजे बऱ्यापैकी रिकामं व्हायला लागणारा वेळ, १ मायक्रोसेकंद. आपण मुद्दाम ढोबळ, १० मायक्रोसेकंदांचं पाऊल टाकू. खरं उत्तर आहे ०.०००४५ व्होल्ट, कॅपॅसिटर जवळजवळ रिकामा. फॉरवर्ड ऑयलर सांगतो उणे ९० व्होल्ट. पुढच्या पावलाला अधिक ८१०, त्यापुढे उणे ७,२९०. मुकाट रिकामा होत असलेल्या कॅपॅसिटरवर संगणक सात हजार व्होल्ट दाखवतो! बॅकवर्ड ऑयलर म्हणतो ०.९१ आणि मग ०.०८, म्हणजे नेमकं नाही, पण दिशा बरोबर. ट्रॅपेझॉयडल म्हणतो उणे ६.६७, अधिक ४.४४, उणे २.९६. तो खऱ्या उत्तराकडे येतोय, पण शून्याच्या इकडून तिकडे उड्या मारत. या उड्या लक्षात ठेवा, त्या पुढे पुन्हा भेटतील.

यावर कोणीही म्हणेल की पाऊलच लहान घ्या. या एका कॅपॅसिटरपुरतं ते ठीक आहे. पण चार्जरमध्ये नॅनोसेकंदांत संपणाऱ्या घडामोडी आणि मिलिसेकंद चालणाऱ्या घडामोडी एकत्र नांदतात. नॅनोसेकंदांची खळबळ विरून गेल्यावरही फॉरवर्ड ऑयलरला पाऊल तेवढंच इवलं ठेवावं लागतं, नाहीतर वरच्यासारखा स्फोट. अशा समीकरणांना १९५२ पासून ‘स्टिफ’ म्हटलं जातं. आपण ताठर म्हणू. जवळपास प्रत्येक खरं सर्किट ताठर असतं, आणि म्हणूनच स्पाइसच्या घराण्यात फॉरवर्ड ऑयलरला प्रवेश नाही.

मग तिन्हींपेक्षा सरस अशी एखादी पद्धत का नाही? १९६३ मध्ये स्वीडनचे गणितज्ञ गेर्मुंड डालक्विस्ट यांनी याचं उत्तर कायमचं देऊन ठेवलं. मागच्या बिंदूंवरून पुढचा बिंदू काढणाऱ्या या कुळातल्या ज्या पद्धती ताठर समीकरणांवर पाऊल कितीही मोठं असलं तरी उधळत नाहीत, त्यांची अचूकता दुसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे पाऊल निम्मं केल्यावर चूक साधारण एक चतुर्थांश होण्याच्या, वर जाऊच शकत नाही. आणि त्या दुसऱ्या श्रेणीत सर्वांत कमी चूक ट्रॅपेझॉयडलची. साठ वर्षांपूर्वीचं हे प्रमेय आजच्या महागड्या सॉफ्टवेअरलाही बांधून ठेवतं. नवी आवृत्ती विकत घेऊन ही मर्यादा ओलांडता येत नाही.

पावलाची लांबी मात्र बदलती ठेवता येते. घाट उतरणारा चालक सरळ पट्ट्यात गाडी सोडतो आणि वळण दिसताच आवरतो, तसा स्पाइस प्रत्येक पावलानंतर आपली चूक किती झाली असेल याचा अंदाज बांधतो. वक्रता वाढली की पाऊल आखडतं, आलेख सपाट झाला की लांबवतं. पण चालकाला वळण दिसलं तर तो आवरणार. लांब पाऊल टाकताना मधेच एक अरुंद पल्स येऊन गेली, तर ती पावलाखालून निसटू शकते. म्हणून पल्स देणाऱ्या सोर्सच्या कडांवर स्पाइस स्वतःहून थांबा घेतो. तुम्ही स्वतः गणिती सूत्र लिहून तयार केलेल्या सोर्सला मात्र ती सोय असतेच असं नाही. तिथे जास्तीत जास्त पावलाची मर्यादा आपणच घालायची असते.

देखणा आलेख, खोटं उत्तर

आता अचूकतेचा खरा कस पाहू. एक इंडक्टर, एक कॅपॅसिटर, रेझिस्टर नाहीच. ऊर्जा इकडून तिकडे झुलत राहणार, लाट कधीच मरणार नाही. एका आवर्तनात १०० पावलं घेऊ. ऐकायला भरपूर वाटतात. बॅकवर्ड ऑयलरने सोडवलं तर एका आवर्तनात लाटेची उंची १८ टक्क्यांनी घटते आणि दहा आवर्तनांनंतर जेमतेम १४ टक्के उरते. आलेख अतिशय सुबक दिसतो, हळूहळू विरत जाणारी लाट. बघणारा म्हणतो, सर्किटमध्ये काहीतरी तोटा होतोय. सर्किटमध्ये तोटा करणारं काहीच नाही. ऊर्जा गणिताने खाल्ली.

हेच ट्रॅपेझॉयडलने केलं तर उंची जशीच्या तशी राहते. चूक फक्त फ्रिक्वेन्सीत होते, साधारण ०.०३३ टक्के. म्हणजे तीन हजार आवर्तनांत एक आवर्तन मागे पडेल. म्हणूनच ऑसिलेटरचं, म्हणजे स्वतःहून लाट निर्माण करत राहणाऱ्या सर्किटचं, काम करताना ट्रॅपेझॉयडलला पर्याय नाही असं मी म्हणेन.

पण त्या उड्या? इंडक्टरमधला करंट अचानक तुटला किंवा एखादा बिंदू झटक्यात पालटला की ट्रॅपेझॉयडलचा आलेख प्रत्येक बिंदूला वर-खाली नाचू लागतो. खऱ्या सर्किटमध्येही स्विच पालटल्यावर थरथर होतेच, त्याला रिंगिंग म्हणतात. मग समोरची थरथर सर्किटची की गणिताची? ओळखायला सोपा उपाय आहे. जास्तीत जास्त पाऊल निम्मं करा आणि पुन्हा चालवा. सर्किटची थरथर आपली फ्रिक्वेन्सी सोडत नाही, कारण ती इंडक्टर-कॅपॅसिटरच्या किमतींनी ठरलेली असते. गणिताची थरथर पावलाबरोबर बदलते, कारण ती पावलाचीच असते.

यावर उतारा म्हणून गिअर पद्धत वापरतात. इलिनॉय विद्यापीठाच्या सी. विल्यम गिअर यांनी १९७१ च्या सुमारास ती रुळवली. तिची दुसऱ्या श्रेणीची आवृत्ती बॅकवर्ड ऑयलरइतकी ऊर्जा खात नाही, पण थोडी खातेच, आणि फ्रिक्वेन्सीतली तिची चूक ट्रॅपेझॉयडलच्या चौपट असते. स्विच, डायोड आणि मोटारींच्या सर्किटांना ती चांगली. मात्र फीडबॅक असलेल्या ॲम्प्लिफायरला ती लावताना सावध राहायला हवं. ॲम्प्लिफायर खरोखरच अस्थिर असेल आणि स्वतःहून थरथरणार असेल, तर गिअरची शांत करण्याची सवय तो दोषही झाकू शकते. आलेख निवांत दिसतो, बोर्ड मात्र टेबलावर शिट्टी मारतं.

प्रत्येक पावलाच्या पोटात आणखी एक शोध

आतापर्यंत आपण धरून चाललो की पाऊल टाकलं की उत्तर मिळालं. पण डायोड आणि ट्रान्झिस्टर आले की पुढच्या बिंदूचं समीकरणही सरळ सुटत नाही. तिथे अंदाज बांधायचा, त्या जागी वक्ररेषेची स्पर्शरेषा काढायची, स्पर्शरेषेवरून नवा अंदाज घ्यायचा, दोन लागोपाठच्या अंदाजांत फरक उरेनासा झाला की थांबायचं. ही न्यूटन-रॅफसन पद्धत, सतराव्या शतकातली. कन्व्हर्जन्स हा शब्द याच फेऱ्यांबद्दल आहे.

अडचण डायोडच्या स्वभावात आहे. सामान्य तापमानाला त्यावरचं व्होल्टेज ६० मिलिव्होल्टने वाढलं की करंट दसपट होतो. ५ व्होल्टचा सोर्स, १ किलोओहमचा रेझिस्टर आणि एक साधा डायोड घ्या. खरं उत्तर ०.६९ व्होल्टच्या आसपास. अंदाजाची सुरुवात शून्यापासून केली तर तिथे डायोड पूर्ण बंद दिसतो, आणि स्पर्शरेषा म्हणते की सगळे ५ व्होल्ट डायोडवरच आहेत. ५ व्होल्टला डायोडच्या सूत्रातून करंट किती येतो? एकावर सत्तर शून्यं, इतके अँपिअर. तिथून माघारी येताना न्यूटनची पद्धत प्रत्येक फेरीत जेमतेम २६ मिलिव्होल्ट सरकते, म्हणजे घरी पोचायला दीडशेहून जास्त फेऱ्या. स्पाइस एका पावलाला सहसा १० फेऱ्यांची मुभा देतो. आणि अंदाज १८ व्होल्टच्या पुढे गेला तर येणारी संख्या संगणकाच्या नेहमीच्या आकड्यांत मावतसुद्धा नाही.

म्हणून स्पाइस डायोडच्या अंदाजाला लगाम घालतो, एका फेरीत व्होल्टेजला फार मोठी उडी मारू देत नाही. त्याने मोजक्या फेऱ्यांत उत्तर येतं. शिवाय पहिला अंदाज म्हणून मागच्या क्षणाचं उत्तर वापरलं जातं, आणि पाऊल लहान असेल तर ते उत्तर नव्या उत्तराच्या जवळच असतं. म्हणजे लहान पाऊल अचूकतेलाही मदत करतं आणि कन्व्हर्जन्सलाही. दोन प्रश्न वेगळे असले तरी त्यांच्या वाटा इथे एकमेकींना छेदतात.

‘टाइमस्टेप टू स्मॉल’ म्हणजे संगणकाला काय म्हणायचं असतं?

१० फेऱ्यांत उत्तर ठरलं नाही तर बर्कलीचा स्पाइस पाऊल एक अष्टमांश करतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. पुन्हा नाही जमलं, पुन्हा एक अष्टमांश. असं सलग बारा-तेरा वेळा झालं की पाऊल जास्तीत जास्त पावलाच्या दहा हजार कोटीव्या भागापेक्षाही लहान होतं. तिथे तो थांबतो आणि तो संदेश देतो. वाचा तो नीट: सिम्युलेशनच्या कुठल्या क्षणी अडलं आणि कुठल्या बिंदूवर अडलं, हे त्यात बहुधा लिहिलेलं असतं. बहुतेक जण ते न वाचता खिडकी बंद करतात याचं मला फार वाईट वाटतं, कारण दुखणं कुठे आहे ते तिथेच सांगितलेलं असतं.

एक नेहमीचं दुखणं पाहू. १०० मायक्रोहेन्रीच्या इंडक्टरमधून २ अँपिअर वाहतायत आणि आदर्श स्विच तो मार्ग तोडतो. इंडक्टरला करंट तुटलेला चालत नाही, तो टिकवण्यासाठी व्होल्टेज उभं करतो. एका नॅनोसेकंदात तोडलात तर हिशेबाने २ लाख व्होल्ट. शून्य वेळात तोडलात तर अनंत. संगणक पाऊल जितकं लहान करेल तितकं उत्तर मोठं होत जाणार, कारण घाटातला रस्ताच तिथे तुटलाय, गाडी कितीही हळू चालवा. अशा वेळी संगणकावर चिडून उपयोग नाही, कारण त्याला विचारलेल्या प्रश्नाला उत्तरच नाही.

निसर्गात असं होत नाही. स्विचला, तारेला, इंडक्टरच्या वेटोळ्यांना स्वतःची थोडी कपॅसिटन्स असतेच. १०० पिकोफॅरड जोडून पाहा. आता इंडक्टरची ऊर्जा त्या कपॅसिटन्समध्ये जाईल आणि व्होल्टेज साधारण २,००० व्होल्टवर थांबेल. सिम्युलेशन सुटलं. पण त्याहून मोलाची गोष्ट कळली: १०० व्होल्टचा ट्रान्झिस्टर इथे लावला असता तर पहिल्याच फटक्यात गेला असता, आणि करंटला वाट देणारा फ्रीव्हीलिंग डायोड राहून गेलाय. अडलेल्या सिम्युलेशनने बोर्ड जळण्याआधी ते दाखवलं.

आदर्श सोर्सच्या शून्य वेळात उभ्या होणाऱ्या कडा, आदर्श व्होल्टेज सोर्सना थेट जोडलेले कॅपॅसिटर, कशालाच न जोडलेला अधांतरी बिंदू, या सगळ्यांची जात हीच. प्रत्येक ठिकाणी खऱ्या वस्तूत असलेलं काहीतरी आपण गाळलेलं असतं: सोर्सचा आतला रोध, कॅपॅसिटरचा मालिकेतला रोध, कडेला लागणारे दहा-वीस नॅनोसेकंद. ते परत घाला. कन्व्हर्जन्स सुधारायचा मी जाणतो तो सर्वांत चांगला उपाय हाच आहे, कारण तो सर्किटला वास्तवाच्या जवळ नेतो.

‘टॉलरन्स सैल केला की धावतं, मग बिघडलं कुठे?’

सीनियरने बदललेला तो आकडा बहुधा रेलटॉल असतो. दोन फेऱ्यांच्या उत्तरांत किती टक्के फरक चालेल ते तो ठरवतो. मूळ किंमत एक हजारांश, म्हणजे ०.१ टक्का. तो १ टक्का केला की संगणक लवकर समाधान मानतो. पण ४०० व्होल्टच्या बिंदूवर मूळ ०.१ टक्का म्हणजेच ०.४ व्होल्ट. १ टक्का म्हणजे ४ व्होल्ट. त्याच्या शेजारी तुम्ही ५० मिलिव्होल्टची लहर मोजत असाल, तर ती लहर आहे की संगणकाची ढिलाई, हे आलेखावरून सांगता येणार नाही. शिवाय चूक पावलागणिक साठत जाते. एका पावलातली ०.१ टक्का चूक हजाराव्या पावलाला तेवढीच राहील याची हमी कोणी दिलेली नाही.

गंमत अशी की रेलटॉल घट्ट केल्यावर अडलेली सिम्युलेशनं कधी कधी सुटतात. मागचे बिंदू जास्त नेमके असले की पुढचा अंदाज जास्त चांगला बसतो.

जीमिन नावाची दुसरी सोय घ्या. कन्व्हर्जन्स सोपा व्हावा म्हणून स्पाइस प्रत्येक डायोड-जोडाला समांतर असा एक अतिप्रचंड रोध गुपचूप लावतो, एक लाख कोटी ओहमचा. मोटार चालवणाऱ्या सर्किटला त्याने काहीच फरक पडत नाही. पण फोटोडायोडमधून येणारा दोन-तीन पिकोअँपिअरचा करंट तुम्ही मोजत असाल, तर १ व्होल्टला १ पिकोअँपिअर त्या गुप्त रोधातूनच गळतो. मदतीला लावलेला टेकू मापात शिरला. जीमिन सैल करून ती गळती दसपट होऊ दिली तर मोजमापच बुडालं.

उलट बाजूही सांगायला हवी. करंटची किमान टॉलरन्स, ॲबस्टॉल, मूळची १ पिकोअँपिअर असते, कारण स्पाइस चिपसाठी जन्मला. शंभर अँपिअरच्या इन्व्हर्टरमध्ये पिकोअँपिअरचा हट्ट धरणं निरर्थक आहे. तिथे ती नॅनो किंवा मायक्रोअँपिअरपर्यंत सैल करणं योग्यच. सैल करायला हरकत नाही, पण आपल्याला काय मोजायचंय ते आधी ठरवून.

‘संगणक एवढे वेगवान झालेत, बारीकच पावलं टाका ना!’

काही प्रमाणात खरं आहे, आणि शक्य असेल तिथे टाकावीत. पण १ नॅनोसेकंदाच्या ठराविक पावलांनी १० मिलिसेकंद म्हणजे एक कोटी पावलं, प्रत्येकात न्यूटनच्या फेऱ्या, प्रत्येक फेरीत सगळ्या बिंदूंची एकत्र समीकरणं. पंचवीस-तीस घटकांच्या चार्जरला ते झेपेल, लाखो ट्रान्झिस्टरच्या चिपला नाही. अती लहान पावलाची आणखी एक खोट आहे. संगणक संख्या पंधरा-सोळा अंकांपर्यंतच धरतो. पाऊल इतकं लहान झालं की दोन क्षणांतला फरक शेवटच्या एक-दोन अंकांत उरतो, आणि त्या फरकाला इवल्या वेळाने भागलं की गोळाबेरजेतली चूकच करंट म्हणून दिसू लागते.

आणि जी चूक मॉडेलमध्ये, म्हणजे घटकाचं वागणं सांगणाऱ्या सूत्रांत, आहे ती पावलाने सुटत नाही. १९७१ मध्ये मेयर यांनी चिपमध्ये वापरल्या जाणाऱ्या मॉस ट्रान्झिस्टरच्या कपॅसिटन्सचं एक सोपं मॉडेल दिलं, ते सगळीकडे वापरात आलं. त्यात एक दोष होता: हिशेबात विद्युतभार टिकत नव्हता. बहुतेक सर्किटांत ते कळतही नसे. पण जिथे एखाद्या एकट्या बिंदूवर साठवलेला भार हीच माहिती असते, अशा मेमरीच्या किंवा स्विच्ड-कॅपॅसिटर सर्किटांत व्होल्टेज विनाकारण सरकताना दिसे. १९७८ मध्ये वॉर्ड आणि डटन यांनी कपॅसिटन्सऐवजी थेट भारापासून सुरुवात करणारं मॉडेल मांडलं आणि वाट मिळाली. नंतरच्या, बर्कलीतूनच आलेल्या बीसिम मॉडेलांनी ट्रान्झिस्टरच्या वेगवेगळ्या अवस्थांमधले सांधे गुळगुळीत करण्यावर मेहनत घेतली, कारण सूत्रात सांधा आला की न्यूटनची स्पर्शरेषा तिथे ठेचकाळते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं: पाऊल-पद्धतीत साठ वर्षांत जितका फरक पडला नाही, तितका मॉडेल लिहिण्याच्या शिस्तीने पडला.

ऑसिलेटर सुरूच होत नाही ही तक्रारही याच सदरातली. खऱ्या सर्किटमध्ये नॉइज, म्हणजे विजेची बारीक अनियमित खळबळ, असतो, त्याच्या टेकूने ऑसिलेशन उभं राहतं. ट्रॅन्झियंट सिम्युलेशनमध्ये सहसा नॉइज नसतो, त्यामुळे सर्किट समतोल साधून गप्प बसू शकतं. त्याला सुरुवातीला एक धक्का द्यावा लागतो.

‘मग सरळ ब्रेडबोर्डवर बांधून का पाहू नये?’

या आक्षेपामागे मोठी माणसं उभी आहेत. नॅशनल सेमीकंडक्टरचे नामवंत ॲनालॉग डिझायनर बॉब पीज स्पाइसवर उघडपणे अविश्वास दाखवत, आणि त्यांनी डिझाइन केलेल्या चिप जगभर चालल्या. आधी हाताने अंदाज काढा, मग संगणकाला विचारा, या अर्थाने मी त्यांच्या बाजूने आहे. पण ब्रेडबोर्डच्या पट्ट्यांना स्वतःच्या काही पिकोफॅरड असतात. चिपच्या आत त्याहून हजारपटीने लहान कपॅसिटन्सवर खेळ चालतो. चिपचं सर्किट सुट्या भागांतून बांधलं तर ते वेगळंच सर्किट होतं. स्पाइसच्या लांबलचक नावात ‘इंटिग्रेटेड सर्किट’ हे शब्द आले ते याच गरजेतून.

आलेखावर भरवसा कधी ठेवायचा?

जास्तीत जास्त पाऊल निम्मं करा, रेलटॉल दसपट घट्ट करा, ट्रॅपेझॉयडलच्या जागी गिअर लावा. यांपैकी काहीही केल्याने उत्तर हललं, तर दोन उत्तरांपैकी निदान एक तरी सर्किटचं नव्हतं, तुमच्या सेटिंगचं होतं. न हललं तर मॉडेलपुरता तरी आलेख खरा मानता येईल. ऊर्जेचा ताळेबंदही काढा: सोर्सने दिलेली ऊर्जा म्हणजे जळलेली अधिक साठलेली. त्यात तूट आली तर बॅकवर्ड ऑयलरची आठवण करा. लहरींमधली विकृती मोजायची असेल तर एलटीस्पाइसमध्ये आलेख दाबून साठवण्याची सोय आधी बंद करा. नाहीतर गणित नेमकं होऊनही साठवताना बिंदू गाळले जातात आणि गाळलेल्या बिंदूंची विकृती तुम्ही सर्किटच्या नावावर मांडता.

विद्यार्थ्यांना हे करून पाहायला पैसे लागत नाहीत. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाचं ‘ईसिम’ हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्याच्या पोटात एनजीस्पाइसच चालतो. १ मिलिहेन्रीचा इंडक्टर आणि १ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर जोडा, कॅपॅसिटरला सुरुवातीचे १० व्होल्ट द्या, जास्तीत जास्त पाऊल २ मायक्रोसेकंद ठेवा. एक आवर्तन सुमारे २०० मायक्रोसेकंदांचं होईल. २०० मिलिसेकंद चालवा, एकदा ट्रॅपेझॉयडलने, एकदा गिअरने, आणि शेवटच्या आवर्तनाची उंची दोन्हीकडे मोजा. मग पाऊल ०.५ मायक्रोसेकंद करून गिअर पुन्हा चालवा. तिन्ही आलेख जर्नलमध्ये लावा, आणि प्रत्येकाखाली पद्धत, जास्तीत जास्त पाऊल आणि रेलटॉल लिहा.